शिखराच्या अलीकडचे बिरू आबा

यवतला हायवेच्या सर्व्हिस रोडवर माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. त्यामुळे आमच्या भागात कोण थोर आहे, कोण त्याहून थोर आहे आणि कोण फक्त येत्या निवडणुकीपर्यंत थोर आहे, हे आधी मला कळतं आणि मग जनतेला. कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान, दानशूर व्यक्तिमत्त्व, हे सगळं माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयार असतं. फोटो तेवढा बदलायचा. एकदा एकाच आठवड्यात तिघे जण 'एकमेव नेतृत्व' छापून घेऊन गेले आणि तिघांनी ते एकाच चौकात शेजारीशेजारी लावलं. कुणाला काही खटकलं नाही. पुढच्या वर्षी तिघेही पुन्हा माझ्याकडेच आले.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी भाऊंच्या ऑफिसातून माझ्या मोबाइलवर मजकूर आला. भाऊ म्हणजे आमचे नेते. त्यांना नाव आहे, पण ते मतपत्रिकेशिवाय कुठे वापरलं जात नाही. मजकूर असा होता: 'भावपूर्ण श्रद्धांजली. हिमालयाचे शिखर सर करून खुटबावचे नाव जगात गाजवणारे शिखरवीर कै. बिरू आबा कोकरे.' खाली शोकाकुल मंडळींची यादी, भाऊंपासून सुरू होणारी. त्याखाली सूचना: भाऊंचा फोटो मोठा घेणे.

आबा गेले हे मला असं कळलं. सकाळी चहाला उठलेच नाहीत, एवढंच झालं होतं. मला वाईट वाटलं, आणि थोड्या वेळाने त्याहून जास्त राग आला. कारण आबांनी आयुष्याचं शेवटचं वर्ष 'मी शिखरावर गेलेलो नाही' हे लोकांना समजावून सांगण्यात घालवलं होतं. आता ते सांगायला नव्हते, आणि दहाव्याच्या आत त्यांना माझ्या दुकानातून शिखरावर चढवायचं ठरलं होतं. 'शिखरवीर' हा शब्द ठेवायचा की काढायचा, एवढाच प्रश्न होता. 

बिरू आबा उंच आणि काटकुळे. पांढरा शर्ट, पायजमा, टोपी, आणि नाकाच्या बाजूला हरभऱ्याएवढी चामखीळ. चालताना त्यांची मान कायम वर असायची, आभाळात काही हरवल्यासारखी. त्यामुळे गावातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला ते ठेचकाळलेले होते. पण खाली बघायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. स्वतःच्या विहिरीत त्यांनी कधी डोकावून पाहिलं नाही. घराचा स्लॅब टाकला तेव्हा वर जाऊन नारळ फोडायचा मान बायजाकाकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला द्यावा लागला, आणि आबा खाली अंगणात उभे राहून "फुटला का?" असं विचारत राहिले. आमच्या सपाट मुलखात हा दोष कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. खुटबावमध्ये सगळ्यात उंच वस्तू म्हणजे पाण्याची टाकी.

त्यांचा दुसरा दोष जास्त गंभीर होता. त्यांना फेकता यायचं नाही. आमच्याकडे ज्याचा ऊस एकरी साठ टन निघतो तो चहाच्या टपरीपर्यंत येईतो नव्वद होतो, आणि ऐकणाराही तो ऐंशी धरतो. सगळ्यांचा हिशेब त्यात नीट बसलेला आहे. आबा मात्र जेवढा निघाला तेवढाच सांगायचे, आणि लोक त्यातूनही दहा-वीस वजा करायचे. त्यामुळे चांगला बागायतदार असूनही ते कायम नुकसानीत आहेत, असा गावाचा समज होता. "हाय ते हाय," हे त्यांचं पालुपद.

ते माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते सोसायटीवर बिनविरोध संचालक झाले तेव्हा. कार्यकर्त्यांनी फ्लेक्स करायला टाकला होता. आबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"ह्ये कार्यसम्राट काढ."

"आबा, ते असतंच."

"कुठलं कार्य? दुसरं कुणी उभं ऱ्हायलं न्हाई म्हनून मी आलो. आन् चामखीळ कुठं गेली?"

"काढली. फोटो साफ केला."

"लाव परत. माणसं वळखनार न्हाईत."

माझ्या धंद्याच्या इतिहासात चामखीळ परत लावून मागणारं हे एकच गिऱ्हाईक. त्या दिवसापासून आमची ओळख झाली. यवतला आले की ते दुकानात टेकायचे, चहा प्यायचे आणि छापून पडलेले फ्लेक्स वाचून कुणाचं काय खोटं आहे ते शांतपणे सांगायचे. मी गिऱ्हाईक आलं की त्यांना आत बसवायचो.

आबांची एकुलती एक मुलगी शिरूर तालुक्यात केंदूरला दिलेली. व्याही माणिकराव हे मोठं प्रस्थ. ते एका ग्रुपबरोबर हिमालयात बेस कॅम्पला जाऊन आले होते. तेव्हापासून केंदूर फाट्यावर 'हिमालयपुत्र माणिकराव' असा फ्लेक्स होता. काम शिरूरच्या दुकानातलं, त्यामुळे मी त्यावर काही बोलत नाही, फक्त अक्षरांना सावली जरा जास्त झाली होती. हिमालयातून आल्यावर माणिकराव सगळं फुटात बोलू लागले. साखरपुड्यात फूट, सावडण्याला फूट. नातीच्या बारशाला पंगत बसली असताना त्यांनी आपल्या व्याह्यांकडे वळून सांगितलं, "पाव्हनं, तुमच्याकडं चढ म्हंजी कारखान्याच्या वजनकाट्याचा. ट्रॅक्टर चढतो तेवढाच." सगळी पंगत हसली. आबाही हसले. मग बुंदी घेता घेता म्हणाले, "मी बी जानार हाय."

पंगत आणखी हसली. आबा मात्र ठरवून बसले होते, आणि त्याला माणिकराव हे निमित्तच होते. खरं कारण त्यांनी मला दुकानात सांगितलं.

आबांचे वडील मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की मेंढपाळांचा वाडाच्या वाडा कोकणात उतरायचा आणि पावसाच्या आधी घाट चढून माघारी यायचा. पुढे कालव्याचं पाणी आलं, जमीन भिजली, मेंढरं विकली आणि आबांच्या पिढीने ऊस लावला. पण अगदी लहानपणी आबा त्या घाटातून गेलेले होते.

"बाळू, आई मला घोड्यावर बांधायची," ते म्हणाले. "भांडीकुंडी, वाकळा, आन् मधी मी, उताना. माझ्यावर एक कोंबडी. घोडं घाट उतरायचं आन् मला दिसायचं नुसतं आभाळ. चार-पाच वरसं उतरलो आसन, पन घाट काय बघितला न्हाई बघ. आई पुढं लगाम धरून चालायची, ती खाली बघून. मला एकदा वरनं खाली बघायचंय. तिला काय दिसत व्हतं ते."

असं म्हणून त्यांनी चहा संपवला. एवढ्या साध्या कामासाठी कुणी हिमालयात जाईल, यावर आमच्याकडे कुणाचा विश्वास बसला नसता.

आबांच्या मोहिमेची बातमी फुटली आणि सल्लागार गोळा झाले. त्यांत कुणी कधी जिन्यापलीकडे चढलेलं नव्हतं, म्हणून सल्ला अगदी ठाम होता. एकाने लसूण खिशात ठेवायला सांगितला, दुसऱ्याने खायला. आबांनी सगळ्यांचं ऐकलं आणि स्वतःच्या डोक्याने सराव सुरू केला. पाठीवर ओझं घ्यायची सवय हवी म्हणून औषध फवारायचा पंप पाण्याने काठोकाठ भरून ते भुलेश्वरच्या घाटात चढू लागले. देवाला गाड्यांतून जाणारी माणसं काच खाली करून विचारायची, "आबा, डोंगराला कसली कीड लागली?" आबा उभे राहून प्रत्येकाला खरं कारण सांगायचे. सरावाचा निम्मा वेळ त्यात जायचा.

थंडीचाही सराव हवा होता. आमचा उन्हाळा त्याला फारशी मदत करत नाही. मग ओळखीच्या एका डेअरीत, शीतखोलीत, ताकाच्या क्रेटशेजारी आबा घोंगडी पांघरून बसू लागले. तिथला मॅनेजर सांगायचा की आबा आत असले की ताक उचलायला जाणारी माणसं दचकून बाहेर येतात. बायजाकाकी या सगळ्याकडे बघून एकच म्हणायच्या, "घरी विहिरीत डोकवत न्हाईत, आन् निघाले हिमालयात."

पहिला डोंगर चढले तो आपल्याच सह्याद्रीतला, नवशिक्यांसाठी असलेला एक किल्ला. बरोबर पुण्याच्या कंपन्यांतली पोरंपोरी. पायथ्याशी सगळ्यांना गोल उभं करून ओळख करून द्यायला लावतात. प्रत्येक जण आपली आवड, छंद आणि स्वतःचा शोध वगैरे सांगत होता. आबांची पाळी आली. "बिरू कोकरे, खुटबाव. ऊस," म्हणून ते गप्प झाले. टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या म्हणे.

कड्याला कोरलेल्या पायऱ्या लागल्या तिथे आबा वर बघत सुरेख चढले. उतरताना पंचाईत झाली, कारण उतरताना आभाळाचा काही उपयोग नसतो. ते तिथेच बसले. शेवटी पुढे एक पोरगी, मागे एक पोरगा, असे पायरी पायरी बसून खाली आले. दुसऱ्या दिवशी यवतच्या टपरीवर त्यांनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, फाटलेल्या पायजम्यासह. टपरीला फार संकोच वाटला. एक जण त्यांच्या कानाशी लागून म्हणाला, "आबा, हे सांगायचं नसतंय." आबांनी विचारलं, "मग काय सांगायचं असतंय?" उत्तर सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याने आबांसाठी आणखी एक चहा सांगितला.

पुढच्या सप्टेंबरात हिमाचलातल्या एका शिखरावर जाणाऱ्या तुकडीत त्यांचं नाव लागलं. डॉक्टरांनी छाती तपासून हरकत नाही म्हटलं. दौंडहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीचं तिकीट निघालं. आणि इथे आमच्या गावाने आपलं कर्तृत्व दाखवलं.

झालं असं की आबा परत येईपर्यंत निवडणुकीची आचारसंहिता लागणार, अशी कुणकुण होती. आचारसंहितेत भाऊंना जाहीर सत्कार करता आला नसता. आणि भाऊंच्या हस्ते झाला नाही तर तो सत्कार कसला? म्हणून मार्ग निघाला. सत्कार आधी, शिखर नंतर.

ऑर्डर माझ्याकडेच आली. 'शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' बर्फातला फोटो हवा होता. आबा अजून खुटबावातच असल्याने मी इंटरनेटवरून एक गिर्यारोहक घेतला आणि त्याच्या कोटावर आबांचं डोकं बसवलं, चामखिळीसकट. वरच्या बाजूला नेत्यांच्या फोटोंची रांग होती, ती शिखरापेक्षा उंच गेली. आबा दुकानात आले आणि बघत उभे राहिले.

"मी आजून गेलो न्हाई."

"जानारच ना?" भाऊंचा माणूस म्हणाला. "मग झालं तर."

"मग शुभेच्छा लिव्हा की."

"आबा, शुभेच्छांना भाऊ येत न्हाईत. अभिनंदनालाच येत्यात."

सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ, आणि काचेत बसवलेला एक छोटा डोंगर. भाऊंनी भाषणात आबांनी वर झेंडा लावला तो क्षण असा रंगवला की समोर बसलेल्या बायजाकाकींनी डोळे पुसले. मग उत्तरादाखल आबांना माइक दिला. ते म्हणाले, "मी सोमवारी निघनार हाय." लोक हसले, टाळ्या झाल्या आणि जेवणं सुरू झाली. फ्लेक्स चौकात लागला आणि सोमवारी आबा त्याच्या खालूनच स्टेशनला गेले.

परत आले ते पार रापून, नाकाची साल निघालेली. घरी जाण्याआधी ते माझ्या दुकानात येऊन बसले. चहा सांगितला तर म्हणाले, "आधी पानी."

"पोचलात का?" मी विचारलं.

"न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. शेवटचा दिवस होता. पहाटे निघाले, उजाडल्यावर एका धारेवर आले. धार म्हणजे उसाच्या दोन सऱ्यांमधल्या वरंब्याएवढी, आणि दोन्ही बाजूंना काही नाही. पुढे शिखर दिसत होतं. वाटाड्या म्हणाला, "चाचाजी, बस आधा घंटा." तोवर आबा नेहमीप्रमाणे वर बघून चालत होते.

"मग मी खाली बघितलं," आबा म्हणाले. "त्याच्यासाठीच गेलो व्हतो ना. बघितलं आन् बाळू, मी बसलो. पाय माझं ऱ्हायलंच न्हाईत. त्यो म्हनला चलो, हात धरतो. मी म्हनलं, न्हाई. आमचा बा सांगायचा, मेंढरू कड्याला थांबलं की मागनं ढकलायचं न्हाई. ते थांबलंय म्हंजी त्याला काय तरी दिसलंय. तवा मी तिथं बसलो, बाकीची पोरं वर जाऊन आली, आन् आम्ही उतरलो."

"वाईट वाटलं?"

"भ्या वाटलं. वाईट मागनं वाटलं, आईचं. मी दोन्ही हातांनी दगूड धरून बसलोय. आन् ती एका हातात लगाम, काखंत करडू, घोड्यावर मी, अशी वरसाला दोनदा चालायची. कुनी फेटा बांधला तिला? कुनाला ठावं बी न्हाई." मग ते म्हणाले, "मी भ्यालो ह्ये लोकांला कळाय पायजे. मी न्हाई भ्यालो म्हनलं, तर तिनं काय केलं त्याला काय किंमत ऱ्हायली?"

तेवढ्यात बाहेर ढोल वाजू लागले. आचारसंहिता लागली होती. ग्रामपंचायतीच्या माणसांनी सगळे फ्लेक्स उतरवले होते आणि आबांचा फ्लेक्स नेऊन आबांच्याच गोठ्यात टाकला होता. पण मिरवणुकीत नेता नसला की ती राजकीय होत नाही, असा निष्कर्ष निघाला होता. आबांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं केलं. ते वर हात करून "मी पोचलो न्हाई" म्हणत होते. खाली लोक वर हात करून नाचत होते. मी इतक्या जवळ उभा होतो तरी मला ते ओठांवरूनच कळलं.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी एकेकाला गाठून सांगायला सुरुवात केली. गाव ऐकत होतं, आणि बाहेर पडून 'किती विनम्र माणूस' असं म्हणत होतं. मग कुणी तरी कथा काढली की आबा शिखरावर पोचतच होते, पण एका आजारी पोराला वाचवायला माघारी फिरले. ही सगळ्यांना पटली, कारण तिच्यात शिखरही होतं आणि त्यागही. आबा चिडून म्हणायचे, "कोन पोरगं? पोरं वर जाऊन आली. मी एकटा भ्यालो." त्यावर लोक एकमेकांकडे बघून माना डोलवायचे. भ्यालेल्या माणसाचा सत्कार आपण केला, ही गोष्ट कुणाला घरात ठेवायची नव्हती.

जानेवारीत केंदूरच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. दोन्ही व्याह्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. स्टेजमागचा मोठा फ्लेक्स माझा होता, म्हणून आबांना न्यायला आलेल्या माणिकरावांच्या गाडीत मीही मागे बसलो. वाटेत माणिकराव एकदम नरम आवाजात म्हणाले, "पाव्हनं, आज तेवढं पोरांसमोर नगा बोलू. तुम्ही खरं बोलला की लोकं माझ्याकडं बघत्यात."

"तुमच्याकडं का?"

माणिकरावांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि बहुधा मला हिशेबात धरलं नाही. "मी तिसऱ्याच दिशी माघारी आलो. उलट्या. फ्लेक्सवरचा फोटो तिथल्या हॉटेलच्या भिंतीवरच्या चित्रापुढचा हाय."

मग आबा म्हणाले, "तुमचं मी काय बोलत न्हाई. माझं तेवढं मला बोलू द्या."

शाळेत मुख्याध्यापकांनी दोघांची ओळख 'दोन शिखरवीर' अशी करून दिली. आबा माइकपुढे उभे राहिले, नेहमीप्रमाणे मान वर. मुलांना त्यांची हनुवटीच दिसत असणार. म्हणाले, "पोरांनो, मी शिखरावर गेलेलो न्हाई. अर्धा तास ऱ्हायला व्हता. मी भ्यालो, खाली बसलो आन् माघारी आलो. माझी आई न्हाई भ्यायची. ती मेंढरं घिऊन घाट उतरायची. तुमच्यात कुनाची आजी तशी आसंल तर तिला इचारा. मला काय ठावं न्हाई." आणि ते जाऊन बसले.

मग माणिकराव उठले. म्हणाले, "मी बी गेलो न्हाई. मला उलट्या झाल्या." पोरं खदखदून हसली. ते हसणं ऐकून माणिकरावांना धीर आला, आणि मग किती फुटांवर पहिली उलटी झाली, किती फुटांवर दुसरी, असं ते चाळीस मिनिटं बोलले. तेव्हापासून ते केंदूरला आणि जिथे बोलावतील तिथे ही उलट्यांची हकिगत सांगतात, त्यामुळे इथे लिहायलाही हरकत नाही. उलट्यांची उंची दर वेळी वाढते. त्या दिवशी आभार मानायला एक सर उठले. त्यांनी घरून लिहून आणलेलं वाचलं: 'दोन्ही शिखरवीरांनी शिखरावरचे आपले अनुभव सांगितले, त्याबद्दल शाळा ऋणी आहे.'

परत येताना आबा मला म्हणाले, "बाळू, एक फ्लेक्स छाप. माझा."

मजकूर त्यांनी सांगितला तसा छापला: 'बिरू कोकरे, खुटबाव, हे शिखराच्या अर्ध्या तास अलीकडून भिऊन परत आले. कळावे.' नेत्याचा फोटो नसलेला तो माझ्या दुकानातला पहिला फ्लेक्स. खुटबाव फाट्यावर तो सकाळी लागला. संध्याकाळी भाऊंचा वाढदिवस उगवला आणि त्याच सांगाड्यावर, त्याच्यावरच, भाऊ लागले. मीच छापलेले होते. आबांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "सांजपतूर किती जनांनी वाचला?" मी म्हटलं, बऱ्याच जणांनी. "मग झालं," ते म्हणाले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात. खुटबावला दुसऱ्या कामाला गेलो होतो, वळवाचं आभाळ भरून आलं होतं. आबांच्या मळ्यात कडब्याची मोठी गंज रचलेली, ती झाकायची घाई चालली होती. झाकायला काय घेतलं असेल? गोठ्यात पडलेला तो अभिनंदनाचा फ्लेक्स. आमचा फ्लेक्स मजबूत असतो, पाणी धरत नाही. गडी कुणी हाताशी नव्हता, म्हणून शिडी लावून आबा स्वतः वर चढले होते. बायजाकाकी खाली शिडी धरून उभ्या होत्या आणि "बघा की खाली, दोर कुठं टाकताय" म्हणून ओरडत होत्या.

गंजीच्या शेंड्यावर आबा बसले होते. खाली पसरलेल्या फ्लेक्सवर बर्फ, परक्या माणसाचा कोट, उलटं झालेलं त्यांचंच तोंड आणि नेत्यांची रांग. दोन्ही हातांनी त्यांनी दोर घट्ट धरला होता. चेहरा पांढराफटक पडलेला. माझा आवाज ऐकून त्यांनी मान खाली केली आणि माझ्याकडे बघितलं. मी मोबाइल काढून फोटो घेतला.

"आबा, पोचलात की."

"हां, हितं पोचलो," ते वरून म्हणाले. "ह्ये छापलं तरी चालंल."

मग ते बसून बसून उतरले. शिडीच्या शेवटच्या पायरीवर काकींनी त्यांचा पाय धरून जमिनीवर ठेवला.

तर तो 'शिखरवीर'. दुपारी मी शब्द काढला. भाऊंच्या ऑफिसला सांगितलं की फ्लेक्सवर जागा पुरत नाही, भाऊंचा फोटो मोठा घ्यायचाय ना. हे कारण त्यांना लगेच पटलं. मग फोटोचं विचारायला खुटबावला गेलो. बायजाकाकी ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना मोबाइलमधला गंजीवरचा फोटो दाखवला आणि म्हटलं, हा नको वाटला तर सत्काराचा आहे, फेट्यातला, त्यात चांगले आलेत.

काकींनी मोबाइल हातात घेतला. पदराने स्क्रीन पुसली आणि फोटो डोळ्यांजवळ नेला.

"ह्यात भ्यालेलं दिसत्यात," त्या म्हणाल्या.

"व्हय काकी."

"पन खाली बघत्यात." त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "ह्योच लाव."